मॅचिंग

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
तिघांच्या खोलीत, खालच्या बंकवर बसून
मी आकाश धुतोय.

धुतोय म्हणजे एक पट्टी डावीकडे सरकवली,
दुसरी किंचित उजवीकडे.
निळ्यातला भडकपणा निघाला
की खोरफक्कानच्या डोंगरांना
लगेच त्यांचं वय दिसायला लागतं.
विमान हवेत थांबवून ठेवलंय,
साडेचार हजार फुटांवर, डावा पंख झुकवून,
फोटोला उभ्या केलेल्या नवरदेवासारखं
अवघडलेलं.

रात्रपाळीला मी याच जातीच्या विमानाच्या
पोटात गुडघ्यांवर बसून बॅगा रचतो.
ते पोट मला ठाऊक आहे.
ग्रीसचा ओघळ, पत्र्याचं ठिगळ,
चाकापाशी जळक्या रबराचा वास.
खेळातल्या विमानाला यातलं काहीच नाही,
आत्ताच खोक्यातून काढल्यासारखं लखलखीत.
म्हणून सावल्यांत थोडा करडा टाकतो,
पांढऱ्यात चिमूटभर हळद.
जास्त झाली.
निम्मी परत काढतो.

पट्ट्यांना आकडे आहेत, शून्य पूर्णांक बहात्तर वगैरे.
आकड्यांत मला रंग दिसत नाही.
शिरपूरला आईचं मॅचिंग सेंटर आहे,
आठ बाय दहाचं, छताला टेकलेले ब्लाउजपीस.
शाळा सुटली की मी गठ्ठे लावायचो
आणि चुकायचो.
अबोलीवर अबोली नाही रे, ही तिची चुलत बहीण.
आमसुली, डाळिंबी, चिंतामणी,
आणि एक, ज्याला ती नुसतं
‘गेल्या वर्षीचा मोरपंखी’ म्हणायची,
तो पुन्हा कधी आलाच नाही.

माझ्या फायलींची नावं तिथलीच.
वाळूचं वादळ उठायच्या आधीची दुपार, मळका पिस्ता.
धुक्यातली धावपट्टी, धुवट चिंतामणी.
वरच्या बंकवरचा बिजुमोन
गॅरेजात गाड्यांना रंग मारतो.
वाकून बघतो, हिंदीत शेड विचारतो.
मी सांगतो.
तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.
त्याच्याकडे प्रत्येक लालला कंपनीचा कोड असतो.

शुक्रवारी आईला एक फोटो पाठवला,
अकराव्या खटपटीचा, आमसुली-दोन.
मावळता सूर्य, तांब्याचा झालेला पंख,
खाली समुद्र, काठाकाठाने काळवंडलेला.
बराच वेळ ती बोटांनी मोठा करून बघत असावी.
कुठलं विमान, विचारलं नाही.
कधी येतोस, तेही नाही.
म्हणाली, छान आहे.
पण बाहेर नेऊन बघितलास का?

ट्यूबलाइटखाली सगळंच मॅच होतं, म्हणायची ती,
आणि गिऱ्हाइकाला साडीसकट रस्त्यावर पाठवायची,
उन्हात पदराशेजारी तुकडा धरून बघायला.
काही बायका परत यायच्या.
काही तशाच समोरच्या दुकानात.
तरी पाठवायची.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो
तो लॅपटॉप घेऊन थेट गच्चीवर.
डिश अँटेना, कुणाचे तरी वाळत घातलेले डांगरीचे पाय,
सव्वासातचं ऊन.
उघडला तर स्क्रीन काळी ठिक्कर.
आमसुली गेली, डोंगर गेले, पंख गेला.
दिसलं ते माझं कपाळ, दाढीचे खुंट,
जाकिटाची चमकती पट्टी,
आणि खांद्यामागून, त्या काळ्यात,
एक विमान चढत होतं.
कोळिकोडचं असणार. पहाटे त्याच्यात
दोनशे सहा बॅगा रचल्या होत्या
आणि एक पाळणा, घडी घातलेला,
दोरीने बांधलेला.

मान वळवून बघितलं.
रंग विचाराल तर सांगता येणार नाही,
ते सूर्याच्या बाजूला होतं, डोळ्यांत पाणी आलं.
पोटावरचा ओघळ तेवढा ओळखला.

खाली येऊन आमसुली-तीन उघडली.
पंखे बंद होते, बिजुमोन कामावर गेलेला.
पांढऱ्यावर बोट ठेवून
कितीतरी वेळ बसलो.